आढ्याला टांगलेली भेली

भादव्यात पावसाच्या दोन सरींमधलं ऊन असं पडतं की पाठीवर तवा ठेवल्यासारखं वाटतं. त्या उन्हात वर्षाली झाडाखाली वाकून गळालेली संत्री वेचत होती. फळं अजून हिरवी होती, लिंबापेक्षा थोडी मोठी, आणि देठाशी काळी पडलेली. आंबिया बहर यंदा चांगला धरला होता, फांद्या लवल्या होत्या. पण आठ दिवसांच्या झडीनं गळ लागली. पडलेलं फळ तसंच राहू दिलं तर कीड वरच्या फळाला जाते, म्हणून रोज वेचायचं, घमेल्यानं बांधाकडच्या खड्ड्यात नेऊन टाकायचं आणि वरून चुना भुरभुरायचा. चार दिवस हेच चाललं होतं.

जोडीला गावातली गोदाबाई होती. तिचे हात चालत तितकंच तोंड चाले.

"पाय वं माय, काल याच झाडाखालून दोन घमेले उचलले. आज पुन्हा तेवढेच."

"पाऊस थांबला की गळ थांबते," वर्षाली म्हणाली.

"थांबते ना. वर काई उरलंच नाई तं थांबनारच." गोदाबाई हसली. मग कमरेला हात लावून उभी राहिली. "तुह्या दुर्वाले कितवं लागलं आता?"

"सातवं."

"सात! लय अंतर पडलं बाप्पा. माह्या तिघायमंदी दीड दीड वर्साचं बी नोतं. एक मांडीवर, एक पाठीवर, एक पोटात." ती पुन्हा वाकली आणि फळाला सांगावं तसं पुटपुटली, "पाठ असते एकेकीची."

"कोणाची पाठ?"

"काई नाई वं. खड्डा भरला का ते पाय."

वर्षालीनं तिच्याकडं पाहिलं. गोदाबाईचं तोंड आपणहून बंद होणं हे काही साधं लक्षण नव्हतं.

वर्षाली वरूडच्या कॉलेजातून बी. एस्सी. झालेली. लग्न होऊन या घरात आली, दीड वर्षात दुर्वा झाली. नंतर दोन-अडीच वर्षं त्यांनी स्वतःच थांबायचं ठरवलं, आणि पुढची चार वर्षं नुसती वाट पाहण्यात गेली. दर महिन्याला कॅलेंडरवर पेन्सिलीचा बारीक ठिपका पडायचा, आणि तो ठिपका घरातल्या सगळ्यांना दिसायचा. कोणी काही बोलायचं नाही, पण सासू शकुनबाई त्या दिवशी भाजीत मीठ जास्त टाकायची. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी वर्षालीच्या सगळ्या तपासण्या केल्या होत्या. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, नळ्यांत औषध सोडून फोटो काढायची ती दुखरी तपासणीही झाली. सगळं चांगलं निघालं. मग बाईंनी एका कागदावर गजाननचं, तिच्या नवऱ्याचं, नाव लिहिलं आणि खाली तपासणीचं नाव लिहिलं. तो कागद चौदा महिने कपाटात साड्यांखाली घडी होऊन पडला होता.

आणि घराच्या आढ्याला एक भेली टांगलेली होती. दुर्वाचं अंगावरचं दूध सुटलं त्या महिन्यात शकुनबाईनं वरूडच्या बाजारातून ती गुळाची भेली आणली, धुवट फडक्यात बांधली आणि आढ्याच्या खुंटीला लावून दिली. पहिल्या पोरीच्या पाठीवर भाऊ आला की त्या पोरीच्या पाठीवर भेली फोडायची आणि गावभर गूळ वाटायचा, ही या भागातली रीत. भेलीनं तेव्हापासून कितीतरी पावसाळे पाहिले. दर पावसाळ्यात तिला पाझर फुटे आणि फडक्यावर काळपट डाग वाढे. शकुनबाई खाली राखेची रेघ ओढून मुंग्यांना अडवायची.

त्या दिवशी मंगळवार होता. संध्याकाळी घरी येऊन वर्षाली मोरीपाशी कपडे धुवायला बसली. दुर्वाची पांढरी शमीज हातात आली तेव्हा तिचा हात थांबला. आतून, पाठीच्या बाजूला पिवळं होतं. मागच्या आठवड्यातही असाच डाग दिसला होता. तेव्हा तिला वाटलं, पोरीनं पोहे सांडले असतील. पण पोहे पाठीवर सांडत नाहीत. तिनं शमीज उलटी करून उजेडात धरली. एक बोट, दोन, तीन, चार. बाजूला आखूड अंगठा.

दुर्वा अंगणात चिखलाची बैलजोडी करत बसली होती. वर्षालीनं तिला हात धुवायला बोलावलं आणि तिच्या फ्रॉकची मागची बटणं काढली. दोन खांद्यांच्या मधोमध हळदीचा पंजा होता. पुसायचा प्रयत्न केलेला, पण पुसला न गेलेला.

"कोणी लावलं?"

दुर्वानं आधी आतल्या खोलीकडं पाहिलं. "आत्यानं. सांगू नको म्हणते आजी. सांगितलं तं गुण जाते."

"कशाचा गुण?"

"भाऊ येण्याचा. पाच मंगळवार लावा लागते. तीन झाले." पोरीनं तीन बोटं दाखवली. मग ती बोटं तशीच ठेवून विचारलं, "मम्मी, माही पाठ खराब आहे का?"

वर्षालीनं तिची ती तीन बोटं आपल्या मुठीत घेतली.

"शाळेत कोणी काही म्हटलं?"

"वर्गात पोट्टे म्हणते, हिच्या पाठीवर कोणी येत नाही. मंग मी भिंतीले टेकून बसते."

शालूताई, गजाननची मोठी बहीण, बेनोड्याला दिलेली. तिला पाठोपाठचे दोन मुलगे. तीन मंगळवार झाले, ती दुपारी स्कूटीवर येत होती. "आईचं बीपी पायाले येतो," म्हणायची. वर्षालीला तिचं कौतुक वाटलं होतं. बगीच्यातून आल्यावर रिकामे कप दिसले की ती मनात म्हणायची, ताई किती करते आईचं.

शकुनबाई आत तुरीची डाळ निवडत होती. वर्षालीनं शमीज तिच्या सुपाशेजारी ठेवली.

"आई, हे काय आहे?"

शकुनबाईनं डाळीतला खडा काढला, बाजूला टाकला. "हयद आहे. इख लावलं का तिले?"

"तिच्या मनाले काय लागलं ते पाहिलं का तुमी? शाळेत भिंतीले टेकून बसते पोरगी."

"दोन मंगयवार राह्यले. मंग टेकाची गरज नाई पडनार."

"तिच्या पाठीचा काय संबंध आहे, आई?"

शकुनबाईनं सूप खाली ठेवलं. "मंग कशाचा आहे? तू सांग. शिकेल आहे तू. तुही तपासनी झाली, तुह्यात काई नाई म्हनते डाक्टरीन. माह्या पोराले एक झाली, म्हंजे त्याच्यात काई नाई. मंग राह्यलं कोन?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "माह्या शालूच्या पाठीवर हा गजू झाला, तवा या अंगनात भेली फुटली. त्या दिवशी माह्या सासूनं मले पयल्यांदा पाटावर बसवून जेवू घातलं. तवरोक मी चुलीजवय उकिडवी बसून खात होतो. तुले नाई समजनार."

वर्षालीला ते समजलं. समजलं म्हणूनच तिला पुढं भांडता आलं नाही. उत्तर साड्यांखाली घडी होऊन पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गजानन बगीच्यात फवारणीचं औषध कालवत होता. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, हातात काठी. औषधाचा वास नाकातून थेट डोक्यात जात होता. वर्षालीनं डबा बांधावर ठेवला आणि कमरेला खोचलेला कागद काढून त्याच्यासमोर धरला.

गजाननला कागद ओळखायला वाचावा लागला नाही. "सकाय सकाय हे काय काढलं?"

"दुर्वाच्या पाठीवर तुमची बहीण हळदीचे पंजे मारून राहिली."

"आईनं सांगतलं मले. जुन्या बाया आहेत, मन राहते त्यायचं. आपलं काय जाते?"

"आपली पोरगी जाते."

तो काठी फिरवत राहिला. "अवं, पन एक झाली ना? दुर्वा काय आभायातून पडली?"

"या झाडाले दोन वर्षांखाली भरून बहर आला. मागच्या वर्षी का नाही आला?"

"झाडाचं येगळं असते."

"बरं. मागच्या वर्षी बहर नाही आला तं तुमी काय केलं? माती तपासाले अमरावतीले नेली. पानं तपासाले नागपूरले नेली. झाडाले बोल नाही लावला, कागद आणला अन् कागदाप्रमाणं खत टाकलं. मातीची तपासणी झाली, पानाची झाली, माही तं किती वेळा झाली. घरात राह्यलं कोण?"

गजाननची काठी थांबली. त्यानं खर्रा बाजूला थुंकला. "गावात कयलं तं?"

"पोरीची पाठ गावाले कळली आहे. गोदाबाईले सुद्धा. तुमचं तेवढं झाकून ठेवायचं?"

झाडाच्या बुंध्याला लावलेल्या बोर्डोच्या, मोरचूद-चुन्याच्या, पट्ट्यावर त्यानं नख ओढलं. मग म्हणाला, "दवाखान्यात मी ते करनार नाई. घरून घेऊन जाऊ."

"तासाच्या आत पोचवा लागते म्हणते ते. आपल्याले पावणेदोन तास लागते."

"त्याची काळजी तू नको करू. मी बरोबर नेतो."

त्यानं बरोबर नेलं, पण ते त्याच्या हिशेबानं. शुक्रवारी सकाळी नमुन्याची डबी त्याच्याकडं होती, वर्षालीला त्यानं पाहूही दिली नाही. मोर्शीच्या पुढं खड्डे लागले तेव्हा तो एका हातानं पिशवी छातीशी धरून मोटारसायकल चालवत होता. अमरावतीच्या लॅबमध्ये काउंटरवरच्या मुलीनं हात पुढं केला, तेव्हा त्यानं पिशवीतून जेवणाचा डबा काढला. डबा उघडला. आत गोणपाटाचा तुकडा होता, ओला, नीट पिळलेला. त्याची गुंडाळी सोडली, तर त्यात दुसरी ओली गुंडाळी. त्याच्या आत ती डबी.

मुलगी आधी डबीकडं बघत राहिली, मग गोणपाटाकडं. ती शेंदूरजना घाटाकडची, कलमांच्या गावचीच असावी. "दादा, हे डोळकाडीसारखं गुंडाळून आणलं काय?"

संत्र्याचं कलम बांधायला झाडावरून काडी आणतात, ती अशीच ओल्या गोणपाटात आणतात. सुकली तर डोळा मरतो. गारव्यात ठेवली तर दोन दिवस जिवंत राहते. गजाननच्या हातची कलमं शंभरात नव्वद लागायची. त्यानं आपल्या परीनं सगळ्यांत जास्त जपूनच आणलं होतं.

"अंगाच्या उबेत ठेवा लागते, दादा. गार झालं की संपलं. अन् निघाले किती वाजता?"

तरीही तिनं डबी आत नेली. पाऊण तासानं कागद आला. गजाननला इंग्रजी फार वाचता येत नव्हतं, पण शून्य वाचता येत होतं. तो पायऱ्यांवर जाऊन बसला. वर्षाली आत डॉक्टरीणबाईंना भेटून आली. बाईंनी कागद बाजूलाच ठेवला. हा निकाल धरायचा नाही, म्हणाल्या. पुढच्या शुक्रवारी इथंच येऊन द्या.

"हा निकाल खरा नाही," ती त्याला म्हणाली. "रस्त्यात मेलं ते."

"मेलं ना पन? झालं तुह्या मनासारखं?"

"माह्या मनासारखं एवढंच आहे की तुमी पुन्हा यायचं."

"आता नाई येत. एकडाव बस झालं." परतीच्या वाटेवर मोर्शीला चहा सांगितला, तो त्यानं तसाच थंड होऊ दिला. घरी आल्यावर ओला गोणपाट कुंपणावर वाळत टाकला आणि दोन दिवस त्याच्याकडं पाहिलं नाही.

मंगळवार आला. चौथा. वर्षालीनं त्या दिवशी दुर्वाला शाळेत पाठवलंच नाही. सोबत बगीच्यात नेलं. तिला छोटी टोपली दिली. दुपारी शालूताईची स्कूटी बांधापाशी थांबली.

"दुर्वे, ये बाप्पा. आजीनं बोलावलं," तिथूनच हाक आली.

"ती नाही येणार, ताई," वर्षाली म्हणाली. हातातलं घमेलं तिनं खाली ठेवलं नाही.

"अवं, एक खाडा झाला तं सगये वाया जाते."

"जाऊ द्या वाया."

"तुह्याच भल्यासाठी करून राहिलो आमी. आमाले काय भेटते?" शालूताईचा चेहरा उतरला. ते खोटं नव्हतं, तिच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं होतं. "पुढच्या मंगयवारी दोन मिळून करू. चालते तसं. विचारलं मी." स्कूटी वळली आणि चिखल उडवत गेली.

दुर्वा झाडाखाली उकिडवी बसून फळं टोपलीत भरत होती. भरता भरता म्हणाली, "मम्मी, हे इतके संत्रे कोणाच्या पाठीमुळे पडले?"

"कोणाच्याच नाही. पावसानं पडले."

"फक्त पावसानं?"

"फक्त पावसानं."

पोरीनं विचार केला. "मंग पावसाले सांग ना, का खाडा कर म्हणून."

पलीकडच्या ओळीत फवारणीच्या पंपाचा आवाज चालू होता. तो बंद झाला. पाठीवर पंप घेऊन गजानन दोन झाडांमधून दिसला. तो किती वेळ ऐकत होता, कळलं नाही. त्यानं पट्टे सोडून पंप खाली ठेवला, बांधावर बसला, खिशातून खर्र्याची पुडी काढली. पुडी बराच वेळ हातात राहिली. दुर्वानं भरलेली टोपली उचलता येईना म्हणून ओढत नेली, तेव्हा त्यानं उठून ती उचलली आणि खड्ड्यात रिकामी केली.

खड्ड्यापाशीच, वर्षालीकडं न पाहता म्हणाला, "शुक्रवारी किती वाजता निंघा लागते?"

शुक्रवारची गोष्ट त्यानं पुढं कोणाला सांगितली नाही. दवाखान्यात शेवटची खोली, तिला कडी होती पण ती लागत नव्हती. बाहेर कोणीतरी माणूस खोकत होता. त्याआधी काउंटरवरून "गजानन देवमन कोण?" असं तीनदा ओरडून झालं होतं. देवमन हे त्याच्या मेलेल्या बापाचं नाव, ते त्या खोलीच्या दारात ऐकून त्याचे कान लाल झाले. तो बाहेर आला तेव्हा शर्टाचं वरचं बटण खालच्या काजात गेलं होतं. वर्षालीनं ते दवाखान्याच्या बाकावर बसून नीट लावून दिलं.

दुपारी बाईंनी कागद समोर ठेवला. शून्य नव्हतं. कमी होतं, आणि जे होतं ते मंद होतं. बाईंनी त्याला तपासलं, एक शीर फुगली आहे म्हणाल्या. तीन महिने गोळ्या. खर्रा पूर्ण बंद. फवारताना तोंडाला फडकं नाही, मास्क, आणि हातात मोजे. तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं, गरज पडली तर छोटं ऑपरेशन.

"मंग होईन?" गजाननने विचारलं.

"होईलच असं मी सांगत नाही. होणार नाही असंही सांगत नाही. ह्यांचं वय आहे, तुमचं वय आहे. प्रयत्न करायला जागा आहे."

"दुर्वाच्या वेळी तं काई झालं नोतं."

"तेव्हा चांगलं असेल. सात वर्षांत शरीर बदलतं, भाऊ. ह्यात लाज कसली?"

गजाननने कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

परतताना वरूडच्या अलीकडं ट्रक उलटला होता, रस्ता बंद. मोटारसायकल बाजूला लावून ते बाभळीखाली उभे राहिले. टोमॅटोचे क्रेट रस्त्यावर पसरले होते. वर्षाली म्हणाली, "एक मागते तुमाले."

"माग."

"पोरगं नाही मागत. ते दोघांचं आहे, होईन तं होईन. तुमच्याकडून एक वाक्य पायजे. आईसमोर अन् शालूताईसमोर."

तो क्रेट भरणाऱ्यांकडं बघत होता. "ते नको मागू."

"मी सांगितलं तं आई म्हणतीन, नवऱ्यावर ढकलते. तुमीच सांगा लागते."

"गोया घेतो ना मी. खर्रा सोडतो. मास्क लावतो. आनखी काय पायजे?"

"एक वाक्य," ती म्हणाली. ट्रक सरला, रस्ता उघडला.

मंगळवारी शालूताई अकरालाच आली. दुर्वाची शाळा पावसामुळे लवकर सुटली होती, आणि वर्षाली बगीच्यात होती. गोदाबाईच बांधावरून म्हणाली, "वर्षाली, मी बोलली नसती. पन स्कूटी दिसली मले तुमच्या दारात." वर्षालीनं भरलेलं घमेलं तिथंच टाकलं. गजानन तिच्या मागं किती अंतरानं आला ते तिनं वळून पाहिलं नाही.

ओसरीवर पाट मांडला होता. पाटावर दुर्वा भिंतीकडं तोंड करून बसली होती. शालूताईच्या हातात हळदीची वाटी, शेजारी शकुनबाई. फ्रॉकची बटणं सुटलेली, पाठीवर खाड्याचा एक पंजा आधीच उमटलेला. वर्षाली आत आली तशी शालूताई म्हणाली, "आता मंधात बोलू नको. शेवटचा आहे."

वर्षालीनं आतून स्टूल आणलं, आढ्याखाली ठेवलं, वर चढली आणि खुंटीवरून फडकं सोडवलं. राखेची रेघ तिच्या पावलानं मोडली.

"अवं, हात नको लावू!" शकुनबाई उठायला गेली, गुडघा धरून पुन्हा बसली. "कोनी आलं नाई अजून तिच्या पाठीवर! बिनभावाची भेली फोडते का वं? अपशकुन आहे तो!"

भेली चिकट आणि जड होती. वर्षाली ती घेऊन खाली उतरली आणि दाराकडं पाहिलं. गजानन उंबऱ्यात उभा होता. बुटांना चिखल, गळ्यात नवा मास्क लोंबत होता. सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं.

"पायतं काय, गजू?" शकुनबाई म्हणाली. "सांग तिले."

गजाननने आधी बुटाकडं पाहिलं. "चिखल लय झाला," तो म्हणाला. एक बूट काढला. दुसरा काढायला वाकला. वर्षालीच्या हातातली भेली आणखी जड झाली. तिला वाटलं, संपलं. आता हा बूट काढेल, पाय धुवेल, चहा मागेल.

तेवढ्यात दुर्वानं, बाकीच्यांना उशीर लागतोय असं पाहून, दोन्ही वेण्या आपणहून पुढं घेतल्या आणि पाठ मोकळी करून वाकली. कोणी सांगितलं नव्हतं. चार आठवड्यांत सवय झाली होती. भिंतीकडं तोंड करूनच म्हणाली, "लावा ना आत्या. लवकर लावा. गार लागते."

गजानन वाकलेला होता तो सरळ झाला. एका पायात बूट, एक पाय उघडा.

"शालू, वाटी ठेव खाली."

"अरे, पन..."

"ठेव म्हनतो ना." मग तो आईकडं वळला. घसा खाकरला. "आई, कमी माह्यात आहे."

"कोनात?"

"माह्यात. तपासनी झाली, दोनदा झाली. रिपोट आहे घरात. वर्षालीत काई नाई, अन् पोट्टीच्या पाठीचा तं संबंधच नाई."

शालूताईनं वाटी खाली ठेवली. "काई बी काय बोलतं, गजू? तुले एक झाली ना?"

"झाली. तेच म्हनत बसलो मी बी चार वर्स."

शकुनबाई त्याच्याकडं बघत होती, जसं लहानपणी ताप आला की बघायची. मग तिनं पदर डोळ्यांना नाही, तोंडाला लावला.

गजाननने वर्षालीच्या हातातून भेली घेतली. फडकं गुळाला चिकटलं होतं, ते ओढून काढलं. आतून गूळ काळा पडला होता, मातीसारखा. तो पाटाशेजारी गुडघे टेकून बसला.

"दुर्वे, हलू नको बरं."

"हयद आहे का बाबा?"

"नाई. गूळ आहे. तुही भेली आहे."

"मंग भाऊ आला का?"

"नाई आला." तो थांबला. "तू आहे ना."

त्याला वाटलं होतं जोर लावावा लागेल, आणि पोरीच्या पाठीवर जोर कसा लावायचा याची भीती होती. पण इतके पावसाळे खाल्लेला गूळ. त्यानं भेली दोन खांद्यांच्या मधे टेकवली, वरून तळहात दाबला, आणि ती आवाज न करता फुटली. तुकडे पाटावर पडले, थोडे पाठीला चिकटले. दुर्वा गुदगुल्या झाल्यासारखी हसली आणि मागं हात नेऊन पाठीवरचाच एक तुकडा काढून तोंडात टाकला.

वर्षालीनं मोठे तुकडे ताटलीत वेचले. एक शालूताईसमोर धरला. शालूताईनं भावाकडं पाहिलं, वर्षालीकडं पाहिलं, तुकडा घेतला, पण खाल्ला नाही, मुठीत धरून बसली. दुसरा सासूसमोर धरला. शकुनबाईनं घेतला नाही. ताटली तिथंच तिच्यासमोर ठेवून वर्षाली पोरीला मोरीकडं घेऊन गेली. उरलेला गूळ बगीच्यात न्यायचा होता. गोदाबाईला पहिला द्यायचा, आणि तिनं विचारलं की सांगायचं. ती विचारणारच होती.

तिनं चुलीवरचं कोमट पाणी बालदीत ओतलं. पाठीवरचा गूळ विरघळून गेला. हळदीचा पंजा मात्र गेला नाही. तिनं साबण लावला, पुन्हा लावला, हातानं चोळलं. पोरगी "दुखते" म्हणाली.

मागून काठीचा आवाज आला. शकुनबाई मोरीच्या तोंडाशी उभी होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात वाटी. तिच्या ओठाच्या कडेला गुळाचा काळा कण होता.

"नुसत्या पान्यानं नाई जात ती," ती म्हणाली. "बेसन घे."